वादळ सगळ्यांवर येतं, पंचनामा ठरावीक नावांचाच होतो

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे आणि कौलं उडाली, विजेचे खांब मोडले, आणि वीज गेल्यामुळे नळपाणी योजनांचे पंपही थांबले. वाऱ्याने कोणाचं घर बघून जोर कमी-जास्त केला नाही. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत कोण सावरलं आणि कोण कर्जात गेलं, हे ठरण्यात वाऱ्याचा वाटा थोडाच होता. ते वादळाच्या कितीतरी आधी कागदावर ठरून गेलं होतं: सातबाऱ्यावर नाव कोणाचं, नौकेचा परवाना कोणाकडे, मच्छीमार संस्थेचा सभासद कोण, आणि पंचनाम्याच्या दिवशी साहेबांपुढे बोलायला उभं कोण राहिलं.

हवामानबदलाची चर्चा बहुतेक वेळा तापमान, समुद्राची पातळी आणि पाऊस एवढ्यावरच थांबते. सत्ता कोणाच्या हाती आहे आणि घरात-गावात बाईला काय स्थान आहे, हे वेगळ्या खात्याचे विषय समजले जातात. आमच्या मते हीच मोठी चूक आहे. हे दोन विषय बाजूला ठेवले तर एकाच वादळात एक घर का उठतं आणि शेजारचं का बसतं, याचं उत्तर सापडत नाही.

धोका एक, झळ वेगवेगळी

हवामानबदलाचा अभ्यास करणारी संयुक्त राष्ट्रांची आंतरसरकारी समिती, म्हणजे आयपीसीसी, जोखमीचे तीन भाग पाडते. पहिला, प्रत्यक्ष संकट: वादळ, पूर, उष्णतेची लाट. दुसरा, त्या संकटाच्या वाटेत कोण आणि काय आहे. तिसरा, वाटेत असलेल्यांची तग धरण्याची आणि पुन्हा उभं राहण्याची ताकद. समितीच्या २०२२ च्या अहवालानुसार २०१० ते २०२० या काळात पूर, दुष्काळ आणि वादळांनी झालेले मृत्यू दुबळ्या प्रदेशांत सुरक्षित प्रदेशांच्या १५ पट होते. इतका फरक केवळ संकटाच्या जोरातून पडत नाही. तो तिसऱ्या भागातून येतो.

पहिला भागही वाढतोच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, क्यार आणि महा २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, निसर्ग २०२० च्या जूनमध्ये, तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात. म्हणजे पावसाळ्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे आठवडे, जे मासेमारीचे, मासळी सुकवण्याचे आणि बागेतल्या कामाचे दिवस, तेच आता धोक्याचे झाले आहेत.

आता बाई-पुरुष हा फरक. १९८१ ते २००२ या काळातल्या १४१ देशांतल्या आपत्तींचा एकत्र अभ्यास झाला आहे. मोठ्या आपत्तींनी बायकांचं आयुर्मान पुरुषांपेक्षा जास्त घटतं, आणि ज्या देशात बायकांचे आर्थिक-सामाजिक हक्क बळकट, तिथे ही दरी कमी होते, असं त्यात दिसलं. २९ एप्रिल १९९१ च्या बांगलादेशातल्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. त्यात २० ते ४४ वयाच्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण हजारी ७१ होतं, तर त्याच वयाच्या पुरुषांमध्ये हजारी १५. कारणं शरीराची नव्हती. इशारा बाजारात आणि चहाच्या टपरीवर पोचला, घरात नाही. नवरा घरी नसताना पोराबाळांसकट घर सोडून जायचं की नाही, हे ठरवायची मुभा नव्हती. निवाऱ्यात शेकडो परके पुरुष आणि शौचालयाची सोय नाही, म्हणून बायका शेवटपर्यंत घरातच थांबल्या. पुढे बांगलादेशाने निवारे वाढवले आणि बायकांना इशारा देणारं स्वयंसेवक केलं. आज त्यांच्या चक्रीवादळ सज्जता कार्यक्रमाच्या ७६ हजार स्वयंसेवकांत निम्म्या बायका आहेत. माणसांच्या निर्णयांनी तयार झालेला धोका माणसांच्या निर्णयांनी कमी झाला.

ज्या देशांचं पोट एकाच मालावर

तेल, वायू, कोळसा, तांबं, काजू, कोको असा कच्चा माल विकून ज्या देशांची ६० टक्क्यांहून जास्त निर्यात कमाई होते, त्यांना संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास परिषद कच्च्या मालावर अवलंबून असलेले देश म्हणते. जगात असे सुमारे शंभर देश आहेत आणि त्यांतले बरेचसे हवामानाच्या माऱ्यात आहेत.

अशा देशांत राजकारणाचा साचा बहुधा ठरलेला असतो. सरकारला पैसा जनतेच्या करातून मिळाला तर जनता हिशोब मागते. पैसा एका खाणीतून किंवा एका तेलविहिरीतून, परदेशी कंपनीशी झालेल्या करारातून आला तर हिशोब मागणारं कोणी उरत नाही, आणि ती खाण ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात देश. मालाचा भाव पडला की अंदाजपत्रक कोसळतं. त्याच वर्षी वादळ आलं तर मदतीला तिजोरी रिकामी.

बायकांवर याचा परिणाम कसा होतो, हे २००८ मध्ये एका अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने नीट उलगडलं. तेलाचा पैसा धो-धो आला की देशाचं चलन महाग होतं. चलन महाग झालं की बाहेर विकायचा तयार माल, म्हणजे शिवलेले कपडे, सोललेला काजू, डबाबंद मासळी, जगाच्या बाजारात महाग पडतो आणि त्याचे कारखाने बंद होतात किंवा उभेच राहत नाहीत. गरीब देशांत बायकांना पहिली रोख मजुरी मिळते ती याच कारखान्यांत. तिथेच त्या एकमेकींना भेटतात, संघटित होतात, मागण्या करतात, आणि त्यातूनच पुढे पंचायतीपासून संसदेपर्यंत पोचतात. कारखाना नाही तर ही सगळी वाटच बंद. आणि ज्या सभागृहात बायका नाहीत तिथे निवाऱ्याला शौचालय हवं, विधवेचं नाव मदतीच्या यादीत हवं, हे मुद्दे निघतच नाहीत. या सिद्धांताला अपवाद आहेत. नॉर्वेने तेल सापडल्यावर १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या पैशाचा वेगळा निधी केला आणि सरकारने दरवर्षी त्यातून किती काढायचं याला मर्यादा घातली. पण तेल सापडलं तेव्हा तिथली लोकशाही आणि बायकांच्या संघटना आधीच बळकट होत्या. क्रम महत्त्वाचा आहे.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मोझांबिकचं उदाहरण कोकणातल्या वाचकाला जवळचं वाटेल, कारण त्यात काजू आहे, मासळी आहे आणि वादळही आहे. एके काळी मोझांबिक जगातल्या आघाडीच्या काजू उत्पादक देशांत होता आणि तिथे बी फोडायचे, सोलायचे कारखाने होते. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या अटींमुळे कच्च्या बीवरचा निर्यात कर उतरवावा लागला. व्यापाऱ्यांनी कच्ची बी थेट भारताकडे पाठवायला सुरुवात केली, तिथले कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. कच्च्या बीचा भाव वाढून शेतकऱ्याला जो फायदा व्हायचा होता, तो फारसा झालाच नाही.

पुढे उत्तरेकडे समुद्रात वायूचे प्रचंड साठे सापडले. येणार असलेल्या पैशाच्या भरवशावर २०१३-१४ मध्ये सरकारी कंपन्यांच्या नावाने सुमारे २०० कोटी डॉलरचं कर्ज काढलं गेलं. त्यातल्या एका कर्जाचं कारण दाखवलं होतं टुना मासेमारीचा ताफा. बोटी आल्या आणि बव्हंशी राजधानी मापुटोच्या बंदरात उभ्याच राहिल्या. कर्जाचा मोठा भाग संसदेपासून लपवून ठेवला होता. २०१६ मध्ये तो उघड झाला तेव्हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आणि देणगीदार देशांनी हात आखडता घेतला. माजी अर्थमंत्री मानुएल चांग यांना ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने या प्रकरणात दोषी ठरवलं.

अशा रिकाम्या तिजोरीवर मार्च २०१९ मध्ये इदाई चक्रीवादळ बेइरा शहरावर आलं आणि मोझांबिकमध्ये ६०० हून जास्त माणसं गेली. सावरायला सरकारला नाणेनिधीकडून आणखी सुमारे १२ कोटी डॉलर घ्यावे लागले, आणि तेही कर्जच. गावोगावी मदतीच्या याद्या स्थानिक पुढाऱ्यांच्या हातात होत्या. धान्याच्या बदल्यात बायकांकडे शरीरसंबंधांची मागणी झाल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी त्याच एप्रिलमध्ये जाहीर केल्या. साखळी नीट पाहिली तर बंद पडलेला काजू कारखाना, लपवलेलं टुना-कर्ज आणि धान्याच्या रांगेतली ती बाई एकमेकांपासून लांब नाहीत. तिची स्वतःची कमाई गेलेली, देशाचा पैसा गेलेला, आणि यादी दुसऱ्याच्या हातात.

डहाणू ते रेडी

भारत त्या शंभर देशांत मोडत नाही. पण डहाणूपासून रेडीपर्यंतच्या ७२० किलोमीटरच्या किनाऱ्यावर गावंच्या गावं समुद्र, खारजमीन आणि बागा यांवरच उभी आहेत. सरकारी पैसा कोणत्या नावाला चिकटून येतो हे तपासलं तर मोझांबिकमधली यादी इथे वेगळ्या रूपात भेटते.

मासळीपासून सुरुवात करू. नौकेवर तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, आणि खलाशी, सगळे पुरुष. नौका किनाऱ्याला लागली की पुढचं बहुतेक काम बायकांचं: लिलावात माल उचलणं, निवडणं, बर्फात भरणं, पाटी घेऊन बाजार गाठणं, उरलेलं खारवणं आणि सुकवणं. खाडीत भरती-ओहोटी बघून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणि कालवं काढायलाही बहुतकरून त्याच जातात. पण शासनाच्या लेखी मासेमारी म्हणजे नौका. परवाना नौकेला, डिझेल परतावा नौकेला, नुकसानभरपाई नौकेला आणि जाळ्याला. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०१५ ते २०२० च्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या नौकेला ९,६०० आणि जाळ्याला २,६०० रुपये होते. आजच्या बाजारभावात ही रक्कमही हास्यास्पद कमी आहे, आणि नंतर ती वाढवली तरी नौकेची खरी किंमत त्यातून निघत नाही. पण निदान नौकेसाठी रकाना तरी आहे. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळत घातलेल्या बोंबलांसाठी त्यात रकानाच नाही.

क्यार आणि महा वादळांमुळे हंगाम बुडाला म्हणून राज्य सरकारने २०२० मध्ये मच्छीमारांसाठी सुमारे ६५ कोटींची विशेष मदत दिली. छोट्या नौकांना प्रकारानुसार २० ते ३० हजार रुपये, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं लांब जाळं, लावणाऱ्या संघाच्या सदस्याला १० हजार, आणि मासळी विकणाऱ्यांना दोन शीतपेट्यांसाठी ३ हजार. विक्रेत्या बायकांचा उल्लेख त्यात झाला ही मोठी गोष्ट होती आणि तिचं श्रेय त्यासाठी भांडणाऱ्या मच्छीमार संघटनांना आहे. तरीही आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघा. हंगाम दोघांचाही बुडाला होता.

सुक्या मासळीचं गणित समजून घेतलं तर हा रकाना का हवा ते कळेल. ताज्या बोंबलात पाणी ८५ टक्क्यांच्या वर असतं, त्यामुळे सात-आठ किलो ओल्या मालातून जेमतेम किलोभर सुका बोंबील निघतो. कडक उन्हात दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी एक सर आली की माल ओला होतो, त्याला बुरशी धरते, अळी पडते, रंग जातो, आणि माणसांच्या खाण्याऐवजी तो कोंबडी-खाद्याच्या भावाने द्यावा लागतो. ओला माल रोखीने किंवा उधारीवर घेतलेला असतो, उधारी मात्र पूर्ण भावाने फेडायची. तौक्ते १६ मेच्या सुमारास कोकणाला घासून गेलं, म्हणजे ऐन आगोटीत, जेव्हा घरोघर पावसाळ्याची बेगमी चाललेली असते आणि वर्षातली सगळ्यात मोठी सुकी विक्री होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे तो बुडालेला पैसा पुढे दोन महिने भरून काढायलाही वाव नाही.

यात मासेमारीच्या धोरणाचं राजकारण मिसळलं की घाव खोल जातो. पर्ससीन, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढून तळाशी आवळायचं मोठं जाळं, आणि मासळीला उजेडाने खेचणारी एलईडी दिव्यांची मासेमारी हा मालवण ते रत्नागिरी पट्ट्यातला जुना संघर्ष. राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांवर बंदी आणली, २०२१ मध्ये राज्याच्या सागरी मासेमारी कायद्यात दंड वाढवले. कायदे आहेत, अंमलबजावणीसाठी गस्ती नौका आणि इच्छा दोन्ही कमी पडतात. चर्चा नेहमी पारंपरिक मच्छीमार विरुद्ध पर्ससीनवाले अशी होते, पण किनाऱ्यावरच्या बाईचं काय होतं ते क्वचित कोणी बोलतं. रापणीची मासळी वाळूतच वाट्यांनी विकली जाते, दोनशे-पाचशे रुपये हातात असलेली बाईही त्यातला वाटा उचलू शकते. तीच मासळी मोठ्या नौकेने मोठ्या बंदरात उतरवली की टनाने लिलाव होतो, व्यापारी ट्रक भरतो, आणि पाटीवालीला तिथे उभं राहायलाही जागा नसते. समुद्र तापून किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली तर उरलेली मासळी कोणत्या मार्गाने वर येते, यावर तिचं पोट ठरतं.

पोफळ, सातबारा आणि मुंबईतला खातेदार

निसर्ग वादळानंतर राज्य सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ऐकायला बरं वाटतं. कोकणातल्या वाडीला, म्हणजे नारळी-पोफळीच्या छोट्या बागेला, ते लावून बघा. हेक्टर म्हणजे १०० गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. पोफळी पावणेतीन मीटरच्या आसपास अंतराने लावतात, तेव्हा गुंठ्यात साधारण १३-१४ झाडं बसतात. झाडाला पडले ३६-३७ रुपये. नवी पोफळ धरायला पाच ते सात वर्षं, माडाला त्याहून जास्त. मोडलेलं झाड तोडून वाडीबाहेर काढायलाही हे पैसे पुरत नाहीत. हेक्टरी निकष मोठ्या शेतांचा विचार करून केलेला, आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या गुंठ्यांच्या. ओरड झाल्यावर झाडागणिक मदतीचा निर्णय झाला, हे योग्यच झालं.

पण पैसा कोणत्याही हिशोबाने दिला तरी तो सातबाऱ्यावरच्या नावाला जातो, आणि इथे कोकणाची स्वतःची अडचण सुरू होते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १,०३६. पुरुष मुंबईत, शेत-बाग-गुरं बाईच्या जिवावर. सातबारा मात्र सामाईक: आजोबांच्या नावानंतर चुलते, आत्या, चुलत भाऊ, त्यांची मुलं, कधी वीस-तीस नावं, त्यांतली काही हयात नाहीत आणि काहींचा पत्ता कोणाला माहीत नाही. मदत खात्यात जमा व्हायला सगळ्या सहखातेदारांचं संमतीपत्र लागतं. बागेत रोज पाणी लावणारी बाई ही संमती गोळा करायला कुठे कुठे जाणार? बऱ्याचदा तिचं स्वतःचं नाव त्यात नसतंच. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला, केंद्राने २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये तो जन्मसिद्ध असल्याचं स्पष्ट केलं. प्रत्यक्षात लग्नानंतर बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायची रीत चालूच आहे.

खारजमिनीची गोष्ट थोडक्यात. पेण-अलिबागकडे समुद्राचं पाणी अडवणारे मातीचे बांध उधाणात फुटतात. बांध त्याच वर्षी सांधला तर दोन-तीन पावसांत मीठ धुऊन जातं आणि भात पुन्हा होतो. दुरुस्ती रेंगाळली तर शेतात कांदळवन उगवतं, आणि एकदा ते वाढलं की मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे ते खासगी जमिनीतही तोडता येत नाही. कांदळवन वाचलंच पाहिजे, पण बांध वेळेत न सांधणाऱ्या यंत्रणेची किंमत शेतकऱ्याने का भरावी? जमीन गेली की लावणी-कापणीची बायकांची मजुरी जाते, आणि मजुराला जमिनीची भरपाई नसते.

पुढच्या मे महिन्याआधी करण्यासारखं

सगळ्यात आधी नाव. पती किंवा सासरे वारले असतील तर वारस नोंद झाली आहे का ते महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा आणि ८-अ, म्हणजे खात्याचा उतारा, काढून बघा. नसेल तर मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती आणि स्वयंघोषणापत्र जोडून ई-हक्क प्रणालीतून किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, अर्ज करा. नियमाने मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असतं, उशीर झाला तरी नोंद होते. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग फेरफार मंजूर होतो. बहुतेक प्रकरणं अडकतात ती एखाद्या बहिणीचं नाव गाळल्यामुळे, म्हणून सगळी नावं पहिल्याच अर्जात घाला. नवरा हयात असेल आणि जमीन त्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर १९९२ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे, लक्ष्मीमुक्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीने, त्याच्या अर्जावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. घराच्या ग्रामपंचायतीतल्या नोंदीवरही दोघांची नावं लावून घ्या. पत्रे उडाल्यावर मदत त्याच नोंदीवरून मिळते.

बागेची ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, हंगामात करून ठेवा. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे गावात राहणाऱ्या बाईला मुंबईच्या खातेदाराची वाट बघावी लागत नाही. झाडं किती, कोणती, कोणत्या वयाची, हे फोटोसकट आधी नोंदलेलं असेल तर वादळानंतर वाद कमी होतो. पंचनाम्याला स्वतः हजर राहा. पिकांच्या मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं, तेव्हा पडलेल्या झाडांबरोबर शेंडा मोडलेली आणि मुळं हललेली झाडंही मोजून घ्या. अशी पोफळ अनेकदा काही महिन्यांनी मरते. सही करण्याआधी आकडे वाचा आणि पंचनाम्याचा फोटो काढून ठेवा.

मासळीवालीने स्वतःची ओळख स्वतंत्रपणे नोंदवावी. केंद्राच्या राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर विक्रेते आणि मासळी प्रक्रिया करणारेही नोंदणी करू शकतात. तिथे 'मच्छीमाराची पत्नी' असं न लिहिता विक्रेता किंवा प्रक्रिया करणारी असं लिहा, कारण पुढच्या योजना या वर्गवारीने येतात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना प्रकल्प खर्चाच्या ६० टक्के अनुदान आहे, सर्वसाधारण गटाला ४० टक्के. मत्स्यव्यवसायासाठीचं किसान क्रेडिट कार्ड महिला गटांनाही मिळतं. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. त्याचा अर्थ सुकी मासळी आणि विक्रेत्या यांच्यापर्यंत पोचवायचा तर मागणी आत्ताच लेखी करायला हवी. रोज किती किलो ओला माल घेतला, किती भावाने, किती वाळत आहे, हे साध्या वहीत लिहा आणि आगोटीच्या दिवसांत वलांडीचा तारखेसकट फोटो काढा. नुकसानीचा रकाना उद्या तयार झालाच तर पुरावा मागतीलच. माल वाळूवर न पसरता उंच मांडवावर ठेवला तर दोन्ही बाजूंनी वारा लागून लवकर सुकतो, आणि हवामान खात्याचा इशारा आला की ताडपत्रीखाली मावेल एवढाच माल उचलावा.

ग्रामपंचायतीत बायकांना निम्म्या जागा आहेत, आणि नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती कागदावर उरकली जाते. ती खरी भरवा आणि ठराव करा. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार किनारा व्यवस्थापन आराखड्यात मच्छीमारांच्या सामाईक जागा दाखवायच्या असतात: मासळी सुकवण्याची जागा, जाळी विणण्याची, नौका ओढण्याची, खाडीकडे उतरणारी वाट. यातली जी नकाशावर नाही, ती रिसॉर्ट किंवा जेट्टी आल्यावर अस्तित्वातच नव्हती असं ठरतं. महिला सभेने जागेची लांबी-रुंदी, गट क्रमांक आणि वापरणाऱ्या बायकांची नावं देऊन ठराव करावा आणि त्याची पोच घ्यावी. पालघर जिल्ह्यातल्या वाढवणसारख्या मोठ्या बंदर प्रकल्पांच्या भरपाई सर्वेक्षणातही हाच प्रश्न विचारा: खडकावर कालवं फोडणारी, तिसऱ्या वेचणारी, किनाऱ्यावर माल घेणारी बाई मोजली का, की फक्त नौका मोजल्या?

मच्छीमार सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात दोन जागा महिलांसाठी राखीव असतात. मात्र त्यासाठी आधी सभासदत्व लागतं, आणि क्रियाशील मच्छीमार म्हणजे समुद्रात जाणारा असाच अर्थ बऱ्याच ठिकाणी लावला जातो. विक्री आणि सुकवणं हीसुद्धा क्रियाशीलता मानावी, अशी उपविधी दुरुस्ती, म्हणजे संस्थेच्या नियमांतला बदल, वार्षिक सभेत मांडता येते.

निवाऱ्याबाबत शेवटी. शाळा किंवा निवारा मे महिन्यात एकदा उघडून बघा. बायकांचं शौचालय आतून कडी लागणारं आहे का, वीज गेल्यावर तिथपर्यंत उजेड कसा असेल, पाण्याची टाकी पंपाशिवाय भरता येते का, गुरांना जवळ कुठे बांधता येईल. गुरांची सोय नसेल तर बाई घर सोडत नाही. इशारा मोबाइलवर येतो आणि अनेक घरांत मोबाइल पुरुषाच्या खिशात असतो, म्हणून प्रत्येक वाडीवर घरोघर जाऊन सांगणाऱ्या दोघी-तिघी आधी ठरवा. आणि निवाऱ्याची एक चावी कायम त्याच वाडीत राहणाऱ्या बाईकडे ठेवा, मुंबईला ये-जा करणाऱ्या कोणाकडे नको.